अण्णांचं वाक्य

परवा नातीनं शाळेचं इतिहासाचं पुस्तक माझ्यापुढं धरलं आणि विचारलं, "आजी, हे कुटुंब म्हणजे नक्की काय होतं गं?" पुस्तकात त्याबद्दल चार ओळी आहेत. करार झाला, सैन्य पाठवलं, पुढं करार संपुष्टात आला. संपलं. मी तिला म्हटलं, बाईंना विचार, त्यांना त्याचा पगार मिळतो. ती तोंड वाकडं करून निघून गेली. माझी जीभ ही अशीच आहे, घरातलं कुणीही सांगेल. पण ती गेल्यावर मी त्या ओळी पुन्हा वाचल्या. माझा थोरला भाऊ, आमचा वसंतदादा, त्या ओळींत कुठंच नाही. म्हणून हे लिहायला घेतलंय; नाहीतर या वयात पेन धरून बसायची मला काही हौस नाही.

तर कुटुंब. साहेब गेला, झेंडा उतरला, लोकांनी साखर वाटली, हे सगळं खरं. पण साहेब गेला तो सगळाच्या सगळा गेला नाही. जाता जाता त्यानं एक करार पुढं केला आणि आपल्या दिल्लीतल्या शहाण्यांनी त्यावर सही केली. कागदावर त्याचं नाव लांबलचक होतं. मराठीत कुणीतरी त्याचं 'मित्रकुटुंब' केलं आणि लोकांनी त्यातला मित्र गाळून नुसतं कुटुंब ठेवलं. विलायत हे थोरलं घर, आणि साहेबाच्या हाताखालून सुटलेले आपण सगळे धाकटे. एकावर संकट आलं की बाकीच्यांनी धावून जायचं, असा तो करार. आता थोरल्या घराची पूर्वीची ऐपत राहिली नव्हती. बोटी जुनाट झालेल्या, तिजोरी रिकामी, स्वतःची पोरं लढायला तयार नाहीत, आणि रुबाब मात्र तोच. त्यामुळं संकट यायचं ते थोरल्या घरावर आणि धावायचं असायचं ते आम्ही. भाऊकाका म्हणायचे, दात पडलेल्या माणसानं सुपारीची हौस सोडायला नको का, हा आमच्या दातांनी खातोय.

भाऊकाका म्हणजे अण्णांचे, माझ्या वडिलांचे, धाकटे भाऊ. बुधवार पेठेत त्यांचं रेडिओचं दुकान होतं आणि दुकानावरच्या माडीत आम्ही राहायचो. आता त्या जागी मोबाइलची कव्हरं विकतात. दुकानाला लागून मागं एक अंधारी खोली होती, तिथं दादा सेट दुरुस्त करायला बसायचा. त्यामुळं आमच्या घराला दिवसभर एक आवाज असे. खालून एखादा सेट खरखरायचा, मग शीळ घालायचा, मग मधूनच कुठल्या तरी परक्या भाषेतला माणूस दोन शब्द बोलून गप्प व्हायचा. आई वर भाकऱ्या थापत असायची, तिच्या थापांच्या मधे तो परका माणूस. कथील वितळल्याचा आणि राळेचा वास जिन्यावरून वर यायचा आणि फोडणीत मिसळायचा. मला अजून मोहरी तडतडली की पाठोपाठ तो वास यायला हवा असं वाटतं. येत नाही, आणि मग भाजीत काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. सून म्हणते, मीठ कमी झालंय का? तिला काय सांगणार!

खाण्यापिण्याचीही तीच तऱ्हा होती. आपला गहू बोटीत भरून थोरल्या घरी जाई आणि तिकडून आपल्याला दुधाची पावडर येई. पत्र्याचे मोठे डबे, त्यांवर हातात हात घातलेली गोरी-काळी मुलं काढलेली. त्या पावडरीच्या चहात गुठळ्या व्हायच्या. आई त्या चमच्यानं चेपत बसायची आणि म्हणायची, हे दूध नव्हे, भिंतीला लावायचा चुना आहे. घरी बहुतेक ज्वारीची भाकरी असे, त्याबरोबर आमटी, कधी पिठलं, आणि दादाला लागायची म्हणून दाण्याची चटणी कायम. दादा जेवताना गुणगुणायचा. अण्णांना ते आवडत नसे. ते नुसते त्याच्याकडं बघायचे आणि दादा गप्प व्हायचा, आणि दोन घासांनी पुन्हा सुरू.

अण्णा कॅम्पातल्या वार्ता कचेरीत भाषांतरकार होते. कुटुंबाच्या बातम्या इंग्रजीत यायच्या, त्या मराठीत करून द्यायच्या, मग त्या रेडिओवरून वाचल्या जायच्या. तरुणपणी याच साहेबाविरुद्ध घोषणा दिल्या म्हणून अण्णा येरवड्याला जाऊन आले होते. तिथून आणलेलं पोटाचं दुखणं त्यांना जन्मभर पुरलं. आणि आता ते त्याच साहेबाच्या बातम्या मराठीत करत होते. कुणी टोचलं तर म्हणायचे, "मी साहेबाची चाकरी करत नाही, मराठीची करतो." भाषेच्या बाबतीत भारी कडक. माझ्या तोंडून एखादं वाक्य वाकडं आलं की तिथल्या तिथं थांबवून सरळ करून घ्यायचे, ताटावर बसलेली असले तरी. पण कचेरीत त्यांचं काही चालत नसे. त्यांच्या डोक्यावर एक साहेब होता, पुस्तकातून मराठी शिकलेला, हातात तांबडी पेन्सिल. कुटुंबाचं काही हरलं, पडलं, मोडलं, गेलं, बंद झालं, असं लिहायचंच नाही. लिहिलं की तांबडी रेघ. त्यामुळं रेडिओवर कुटुंब सदानकदा भरभराटीत असायचं. आई त्या मराठीला "ह्यांचं कचेरीतलं मराठी" म्हणायची, आणि आपल्याला ते कळायचं नाही असं समजून बातम्या लागल्या की तांदूळ निवडायला घ्यायची. कचेरीतलं घरात बोलायचं नाही अशी अण्णांना शपथ होती आणि ती त्यांनी कसोशीनं पाळली. आम्हांला जे कळायचं ते गावाबरोबरच, खालच्या दुकानातल्या रेडिओवरून.

दादा वीस-एकवीस वर्षांचा असेल तेव्हा. त्याच्या डोक्यात बिनतारी यंत्रांशिवाय काही नव्हतं. कुटुंबाच्या पलटणीत बिनतारी खात्याची भरती निघाली. अरबस्तानच्या टोकाला एडन बंदर, तिथल्या कुटुंबाच्या तळावर काम करायचं आणि नंतर विलायतेत शिक्षण, असं आमिष होतं. दादा आणि त्याचा कॉलेजातला मित्र श्रीधर बेहेरे, दोघांनी नावं दिली. श्रीधरचे वडील रविवार पेठेत तांब्या-पितळेची भांडी विकायचे. दादानं घरी सांगितलं ते जेवताना. "तिकडून शिकून येतो, मग भाऊकाकांकडं लोकांचे सेट दुरुस्त करत बसणार नाही, आपले स्वतःचे बनवू." भाऊकाकांचा चेहरा असा फुलला की विचारू नका. अण्णांनी हातातला घास खाली ठेवला. म्हणाले, "एडनचे लोक त्यांचं गाव परत मागताहेत. आम्हीही एके काळी मागितलं होतं. तू तिथं कुणाच्या बाजूनं उभा राहणार?"

दादा पटकन म्हणाला, "तुम्ही कुणाच्या बाजूनं लिहिता, अण्णा?"

आमटी वाढायला उचललेली पळी आईनं तशीच पातेल्यात परत ठेवली. दादा बोलून गेला आणि त्याचं त्यालाच लागलं, हे मला त्याच्या कानांवरून दिसत होतं. लाजला की त्याचे कान लाल व्हायचे. अण्णा ताटावरून उठले नाहीत, रागावलेही नाहीत. सगळं ताट संपवलं आणि हात धुवायला गेले. त्यानंतर त्यांनी दादाला जाऊ नको म्हणून कधी म्हटलं नाही. मला वाटतं, तो हक्क आपण गमावलाय असं त्यांनी मनाशी धरलं. असं धरायला नको होतं. बापानं कसला हक्क बघायचा? पण माणसं मानी असली की आपल्याच मानात अडकतात.

निघायचे दिवस जवळ आले तशा एडनबद्दल नाही नाही त्या वावड्या उठायला लागल्या. कुणी म्हणे तिथं दंगे पेटलेत, कुणी म्हणे साहेबांची बायकामुलं गुपचूप बोटीत बसवलीत. रेडिओवर अर्थातच सगळं आलबेल. बोटीवर पाय ठेवेपर्यंत नाव मागं घ्यायची मुभा होती, तेवढ्या एका सवलतीवर आई जीव टांगून होती. शेवटी ज्या संध्याकाळी दादाची मुंबईची गाडी होती, त्या सकाळी अण्णांनी कचेरीत जाताना जिन्यात त्याला थांबवलं. मी पाणी भरत होते, मला सगळं ऐकू आलं. अण्णा म्हणाले, "आज एडनचं काहीतरी पक्कं कळेल. संध्याकाळच्या बातम्या ऐक. त्या ऐकल्याशिवाय घरातून निघू नकोस. बरं असलं तर जा, मी अडवणार नाही. बरं नसलं तर नाव मागं घ्यायचं." दादा म्हणाला, "दिला शब्द." अण्णांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, ठेवला म्हणजे नुसता टेकवला, आणि उतरून गेले. सुटता आलं तर स्टेशनवर येतो, असं खालून म्हणाले.

दुपारी कचेरीतला शिपाई सायकलवरून निरोप घेऊन आला की अण्णा आज येणार नाहीत, काम आहे. का, कसलं, ते त्यालाही माहीत नव्हतं. पुढं कळलं की असली मोठी बातमी आली की कचेरीचं फाटक लावून घ्यायचे, टेलिफोन तोडायचे आणि भाषांतरकारांना दोन-दोन दिवस आत ठेवायचे. आम्हांला तेव्हा काय ठाऊक! आई दशम्या करत होती, त्याच मेल्या पावडरीच्या दुधात भिजवून. गूळपापडीच्या वड्या थापल्या होत्या, चटणी कुटली होती. जाणाऱ्याच्या हातावर दही घालायचं म्हणून तिनं सकाळीच विरजण लावलं होतं, पण त्या दुधाला विरजण लागतंय कुठलं! संध्याकाळी वाटीत पांढरं पाणी. आई ती वाटी हातात घेऊन बराच वेळ बघत बसली. मी म्हटलं, शेजारून मागून आणू का? तर म्हणाली, राहू दे, सगळ्यांकडं हेच असणार.

बातम्यांच्या वेळी दुकानापुढं नेहमीची गर्दी जमली. भाऊकाकांनी सेटचा आवाज चढवला. दादा कपडे करून, पेटी बांधून तयार होता. तो, आई आणि मी माडीच्या खिडकीत उभे. आधी थोरल्या घरच्या कुणाकुणाच्या मेजवान्या झाल्या, धान्याचं झालं, आणि मग तो निवेदक म्हणाला, "कुटुंबाच्या निर्णयानुसार एडन येथील तळ आजपासून वाढवण्यात आला आहे." खाली लोकांनी टाळ्या वाजवल्या. भाऊकाकांनी मान वर करून खिडकीकडं बघून हात उंचावला. दादानं एवढा मोठा श्वास सोडला की मला वाटलं, हा आठवडाभर श्वास कोंडूनच हिंडत होता. म्हणाला, "ऐकलंस आई? तळ मोठा करताहेत. आणि अण्णा उगीच काळजी करत होते."

आई मात्र तशीच उभी. "वाढवला म्हणजे काय रे?" तिनं विचारलं. "कुठला वाढवला?"

दादा हसला. म्हणाला, "आई, तळ आहे तो, नारळ नव्हे."

मीही हसले. आजच्या मुलांना हे समजावून सांगावं लागतं. आमच्या घरांमध्ये वाईट शब्द तोंडातून काढायचा नाही अशी रीत होती. नारळ फोडला म्हणायचं नाही, वाढवला म्हणायचं. बांगडी फुटली की वाढवली. दुकान बंद करतो म्हणायचं नाही, दुकान वाढवतो. एकाच शब्दाला दोन टोकं, आणि ऐकणाऱ्याला बरोबर कळायचं की बोलणाऱ्यानं कुठलं धरलंय. पुढं थोरल्या घरानं एकामागून एक तळ सोडले तेव्हा कचेरीनं दर वेळी हाच शब्द वापरला, साहेबाला तो पसंत पडला होता ना! आणि मग सगळ्या पुण्याला त्याची गंमत कळली. मंडईत भाजी घेता घेता लोक एकमेकांना विचारायचे, काय हो, आज कुठला वाढवला? आणि पोट धरून हसायचे. पण त्या संध्याकाळी रेडिओवर तो शब्द पहिल्यांदाच आला होता. रेडिओचं मराठी निराळं आणि घरातलं निराळं, हे आमच्या हाडीमाशी खिळलेलं. भाऊकाकांनी टाळ्या वाजवल्या आणि घटकाभरानं, आम्हांला स्टेशनवर पोचवायचं म्हणून, त्याच तोंडानं दुकानातल्या पोऱ्याला म्हणाले, "आज लवकर वाढव रे दुकान." त्यांनाही काही वाटलं नाही. पुतण्या विलायतेला जाणार म्हणून ते हरखलेले होते. ज्याला जे ऐकायचं असतं ते त्याला ऐकू येतं.

आईनं पुन्हा काही विचारलं नाही. तिनं दादाच्या हातावर ते दह्याचं पाणी घातलं. त्यानं ते चाटून टाकलं, तिच्या पाया पडला, देवापुढं उभा राहिला. स्टेशनवर बाकीची पोरं होती, त्यांचे आईबाप होते, श्रीधर बेहेरे तेवढा नव्हता. गाडी सुटायची वेळ झाली तरी आला नाही. दादा म्हणाला, "ऐन वेळी पोटात दुखलं असणार शहाण्याच्या." असं म्हणत तो सारखा फाटकाकडं बघत होता, पण ते श्रीधरसाठी नव्हे, अण्णांसाठी. गाडी हलली तेव्हाही त्याचं लक्ष तिकडंच. मला म्हणाला, "अण्णांना सांग, बातम्या ऐकूनच निघालो." मी बरं म्हटलं.

अण्णा तिसऱ्या दिवशी सकाळी आले. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. जिना चढून आले आणि मला विचारलं, "वसंता खाली बसलाय का दुकानात?" मला वाटलं, यांना झोप नसल्यामुळं आठवत नाहीये. मी दादाचा निरोप सांगितला, जसाच्या तसा. अण्णांनी दाराची चौकट धरली. आतून आई आली, तिला म्हणाले, "बातम्या ऐकल्यात ना? सगळ्यांनी ऐकल्यात?" आई म्हणाली, "ऐकल्या की. इथं खिडकीत उभं राहून ऐकल्या." अण्णा तसेच मागं फिरले. पायातल्या वहाणाही काढल्या नव्हत्या. आई वरून विचारत राहिली, अहो कुठं निघालात, चहा तरी घ्या. ते मुंबईला गेले. दुसऱ्या दिवशी परत आले आणि एवढंच म्हणाले, "बोट गेली." आई मला म्हणाली, पोराला निरोप द्यायचा राहिला म्हणून मनाला लावून घेतलंय त्यांनी. आम्ही दोघी तेच धरून बसलो. अण्णा कचेरीत जायचे, यायचे. जेवायला बसले की भाकरीचे तुकडे करत राहायचे. रेडिओवर एडनचं नाव निघेनासं झालं. दादाचं पत्र येईना, पण टपाल उशिरा येतं, समुद्रावरून येतं, असं आई स्वतःला आणि मला समजावायची.

आणि मग एका सकाळी श्रीधरचे वडील आले. बेहेरे म्हणजे स्थूल, हसतमुख माणूस, अंगात कोट, डोक्यावर काळी टोपी, हातात पेढ्यांचा पुडा. आमच्याकडं ते पूर्वी कधी आले नव्हते. अण्णा बाहेरच्या खोलीत बसले होते. बेहेऱ्यांनी आधी पुडा त्यांच्यापुढं ठेवला आणि एकदम त्यांचे हातच धरले. आम्ही आतल्या खोलीत. आईनं चहाचं आधण ठेवलं होतं, मी कपबशा काढत होते.

"अण्णासाहेब, आपले उपकार कसे फेडू मी," बेहेरे म्हणाले. "त्या वाक्यामागं आपणच, हे मी लगेच ओळखलं. आम्ही दुकानदार माणसं. रोज रात्री तोंडात तोच शब्द. वाढवला ऐकलं मात्र, तिथल्या तिथं श्रीधरची पेटी उघडली आणि कपडे बाहेर काढले. पोरगं आकांडतांडव करत होतं. मी म्हटलं, तळ उठलाय गाढवा, सांगणारा आपल्या भाषेत सांगतोय, ऐक."

आतमध्ये आईच्या हातातली चहाची डबी तशीच राहिली. आता विचार करते तेव्हा वाटतं, बेहेऱ्यांचा कान काही भाऊकाकांच्या कानापेक्षा तिखट नव्हता. त्यांना मुलगा पाठवायचाच नव्हता, ते निमित्तच शोधत होते, म्हणून त्यांना ऐकू आलं.

बेहेरे बोलत सुटले होते. त्यांच्या मेहुण्याची एडनला पेढी होती, तो गलबतात बसून कसाबसा मुंबईला पोचला होता. साहेबांनी आपली माणसं काढून नेली आणि धाकट्या घरच्या पलटणी किनाऱ्यावर तशाच सोडल्या, हे त्यानंच सांगितलं. "आणि पोरांची ती बोट, अण्णासाहेब. तिला कुणी परतसुद्धा बोलावलं नाही. बंदर आपलंच आहे समजून सरळ आत शिरली. मेहुणा म्हणतो, धक्क्याला लागायच्या आधीच पेटली. एकही वाचला नाही. आमचा श्रीधर त्यात असता. तुमचा वसंता असता." मग आवाज खाली आणून म्हणाले, "वसंता कुठाय? बोलवा की त्याला. पहिला पेढा त्याच्या हातावर ठेवतो."

अण्णा बसलेच होते. हातसुद्धा त्यांनी सोडवून घेतले नाहीत. आई उठली, पदर सारखा केला आणि बाहेर गेली. मी दारापर्यंत गेले. आई म्हणाली, "वसंता त्या बोटीत होता." इतकं सरळ म्हणाली की बेहेऱ्यांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांचं तोंड उघडं राहिलं. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. पेढ्यांचा पुडा ठेवावा का न्यावा हे त्यांना समजेना, तो उचलला, परत ठेवला, शेवटी छातीशी धरून जिना उतरले. खाली भाऊकाकांनी त्यांना काहीतरी विचारल्याचं ऐकू आलं.

मी तिथंच दारात खाली बसले. मला रडू येत होतं, पण त्या दोघांसमोर रडायचीही भीती वाटली. आई अण्णांच्या समोर, बेहेरे बसले होते तिथं, बसली. मग तिनं विचारलं, "ते वाक्य तुमचं होतं?"

"माझं."

"आमच्यासाठी लिहिलं होतंत?"

"तुमच्यासाठीच," अण्णा म्हणाले. "फाटक लावलं होतं. दुसरं काही लिहिलं असतं तर साहेबानं खोडलं असतं. यावर त्यानं कोश उघडला, पहिला अर्थ वाचला, आणि खूश झाला." मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "खाली दुकान आहे, घरात तू आहेस, मला वाटलं कुणाला तरी कळेल. माझंच चुकलं. असं कोडं घातल्यावर कुणाला कळणार होतं? कुणालाच कळलं नसतं."

आईला गप्प राहता आलं असतं. त्या माणसाला त्या क्षणी तेवढा एकच आधार होता, की कुणालाच कळलं नसतं. तो तिनं राहू द्यायला हवा होता, असं मला कित्येक वर्षं वाटायचं आणि मी मनातल्या मनात तिच्यावर रागवायची. आता वाटतं, तिनं तरी ते एकटीनं जन्मभर कुठं ठेवायचं?

"मला कळलं होतं," आई म्हणाली. "खिडकीत उभी होते, ऐकलं आणि धस्स झालं. मी विचारलंसुद्धा त्याला. तो हसला, खाली लोक टाळ्या वाजवत होते, मी गप्प बसले. कळलं होतं हो मला. पण रेडिओवरून तुम्ही माझ्याशी बोलताय, असं कसं वाटेल मला?"